फॉर्मच्या पोटातलं कुटुंब

(एकलहरे इथे तरुण कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मला दिलेला विषय रुक्ष आहे: रेल्समध्ये गुंतागुंतीचे नेस्टेड फॉर्म कसे बांधायचे. समोर निम्मे जण कॉम्प्युटर शिकणारे आहेत, निम्मे नाहीत, आणि जे नाहीत ते आत्तापासूनच दाराकडे बघू लागलेत. थांबा जरा. फॉर्म भरून द्यायचं काम तुम्ही सगळेच करता. एखादी योजना जाहीर झाली, शिष्यवृत्तीची शेवटची तारीख जवळ आली, की मोहल्ल्यातल्या खाला, चाची, शेजारच्या काकू कागदांची पिशवी घेऊन तुमच्याच दारात येतात. "बेटा, तेवढं भरून दे." तो फॉर्म कुठल्यातरी ऑफिसात बसून तुमच्याच वयाच्या पोरानं किंवा पोरीनं लिहिलेला असतो. उद्या ते काम तुमच्यातलं कुणीतरी करणार आहे. मी आजच करते. तेव्हा भरणाऱ्यांनी बांधणाऱ्यांचं ऐकावं आणि बांधणाऱ्यांनी भरणाऱ्यांचं, एवढीच अपेक्षा.

साधा फॉर्म सपाट असतो. एका माणसाचं नाव, पत्ता, फोन, जन्मतारीख. रेशनकार्डाचा अर्ज तसा नसतो. वर कुटुंब, खाली सदस्य, आणि सदस्य किती हे फॉर्म करणाऱ्याला आधी माहीत नसतं. कागदावर यावर जुना तोडगा आहे: आठ-दहा ओळींचा तक्ता आखायचा आणि खाली बारीक अक्षरात छापायचं, 'जागा अपुरी पडल्यास वेगळा कागद जोडावा.' वेबवर त्या वेगळ्या कागदाच्या जागी 'आणखी सदस्य जोडा' असं बटण येतं. प्रत्येक सदस्याखाली त्याची कागदपत्रं आली की तिसरी पातळी झाली. डब्यात डबा, त्यात आणखी एक डबा. हाच नेस्टेड फॉर्म.

आपल्या देशातला सगळ्यात मोठा नेस्टेड फॉर्म म्हणजे जनगणना. इमारत, इमारतीत घर, घरात कुटुंब, कुटुंबात माणूस. २०११ ला घरयादीच्या फॉर्ममध्ये ३५ प्रश्न होते आणि माणसांच्या फॉर्ममध्ये २९. २०२७ ची जनगणना तर कागदावर नव्हे, मोबाइलवर भरली जायची आहे. तिथली कुटुंबाची व्याख्या लक्षात ठेवण्यासारखी आहे. जे एरवी एकत्र राहतात आणि एका चुलीवरचं जेवतात ते एक कुटुंब. रक्ताचं नातं असलंच पाहिजे अशी अट नाही. एका छपराखाली दोन भावांच्या दोन चुली असतील तर कुटुंबं दोन. मला ही व्याख्या आवडते. भाकरी कुठे भाजली जाते इथून ती सुरू होते. प्रमुख कोण, हा प्रश्न नंतर येतो.

आता रेल्स. डेन्मार्कच्या डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनी २००४ मध्ये रूबी भाषेतलं हे फ्रेमवर्क लोकांसाठी खुलं केलं. नेस्टेड फॉर्मची सोय त्यात मार्च २००९ मध्ये, २.३ या आवृत्तीत आली. कुटुंबाच्या मॉडेलमध्ये एक ओळ लिहायची: 'अ‍ॅक्सेप्ट्स नेस्टेड अ‍ॅट्रिब्यूट्स फॉर मेंबर्स.' म्हणजे, कुटुंब सेव्ह करताना सोबत सदस्यांची माहिती आली तर तीही घे. फॉर्मच्या बाजूला 'फील्ड्स फॉर' लिहायचं, की प्रत्येक सदस्यासाठी रकान्यांचा एक संच छापला जातो. पहिल्या दिवशी जादू वाटते. तिसऱ्या दिवशी तीच जादू समजून घ्यावी लागते.

गंमत अशी, की एचटीएमएलमध्ये फॉर्मच्या आत दुसरा फॉर्म ठेवायला मुळात परवानगीच नाही. पानावर फॉर्म एकच असतो. पोटात पोट असतं ते रकान्यांच्या नावांना. नाव असं लांबलचक असतं: फॅमिली, मग कंसात मेंबर्स अ‍ॅट्रिब्यूट्स, मग कंसात शून्य, मग कंसात नेम. सर्व्हरवर पोहोचल्यावर त्या कंसांवरून डबे पुन्हा एकात एक रचले जातात. हे एकदा डोक्यात बसलं की निम्म्या अडचणी सुटतात. त्यातला तो शून्य म्हणजे सदस्याची ओळख नव्हे, ती फक्त या पानावरची ओळ. दोन ओळींना चुकून एकच आकडा गेला तर दुसरीची माहिती पहिलीवर चढते आणि घरातलं एक माणूस गुपचूप गायब होतं. म्हणून 'आणखी सदस्य जोडा' दाबल्यावर नव्या ओळीला घड्याळातल्या वेळेवरून काढलेला लांब आकडा देतात. कोकून नावाची जेम हे आपोआप करून देते. मी मात्र स्टिम्युलसमध्ये पंधरा-वीस ओळी स्वतः लिहा असंच सांगेन, काय चाललंय ते तरी कळतं. सदस्याखाली कागदपत्रांची ओळ असेल तर आकडा दोन्ही पातळ्यांवर बदलावा लागतो. नवशिक्यांचं घोडं हमखास इथे अडतं.

सदस्याची खरी ओळख म्हणजे डेटाबेसमधला आयडी, आणि तो फॉर्ममध्ये लपवून पाठवलेला असतो. आयडी आला तर रेल्स म्हणतं, हा जुना सदस्य, माहिती बदल. आयडी नसेल तर म्हणतं, हा नवा. 'फील्ड्स फॉर' वापरलं तर हा लपलेला रकाना ते स्वतः टाकतं. पण पान सुंदर दिसावं म्हणून कुणी रकाने हातानं लिहायला घेतले आणि आयडी विसरले, की पत्ता दुरुस्त करायला आलेल्या सलमाची दुसरी सलमा तयार होते. तिसऱ्यांदा आली की तीन.

आयडीचा आकडा पुन्हा वापरायचा नाही आणि मधला गेला म्हणून बाकीचे सरकवायचे नाहीत. एकलहऱ्यात हे समजावणं सोपं आहे. इथल्या वीज केंद्रातले पहिले दोन संच बंद झाले. उरले तीन, प्रत्येकी २१० मेगावॉटचे. त्यांना आता एक, दोन, तीन असं कुणी म्हणतं का? ते ३, ४ आणि ५ च. उद्या नंबर बदलले तर जुन्या नोंदवहीत 'संच ३ ची दुरुस्ती' असं लिहिलंय ती नेमकी कशाची, हे कुणालाच कळणार नाही.

रिकाम्या ओळींबद्दल एक छोटी गोष्ट. सगळे रकाने रिकामे असलेली ओळ सोडून दे, असं रेल्सला सांगता येतं. पण तुम्ही लिंगाच्या यादीत आधीच 'पुरुष' निवडून ठेवला असेल, तर ती ओळ रिकामी राहत नाही. मग घरात एक बिननावाचा पुरुष वाढतो, किंवा 'नाव आवश्यक आहे' असा लाल इशारा येतो आणि भरणाऱ्या बिचारीला कळत नाही की कुणाचं नाव. आधीच पुरुष निवडून ठेवायची सवय आपल्याला कुठून लागली, यावर स्वतंत्र भाषण होईल.

आणि सुरक्षा. मार्च २०१२ मध्ये येगोर होमाकोव्ह नावाच्या रशियन तरुणानं गिटहबच्या एका फॉर्ममध्ये जास्तीचा रकाना घुसवून स्वतःची चावी थेट रेल्सच्याच प्रकल्पाला जोडून दाखवली. गिटहब रेल्सवरच चालत होतं. त्यानंतर २०१३ मध्ये, चौथ्या आवृत्तीत, 'स्ट्राँग पॅरामीटर्स' आले: कुठले रकाने आत घ्यायचे याची यादी तुम्हीच द्यायची, बाकीचे दारातून परत. नेस्टेड फॉर्ममध्ये ही यादीही नेस्टेड असते. तिच्यात सदस्याचा आयडी आणि ओळ काढून टाकण्याची खूण या दोन गोष्टी लिहायच्या राहिल्या, की 'काढून टाका' दाबूनही माणूस जात नाही. आणि ही खूण चालावी म्हणून मॉडेलमध्ये तशी परवानगी वेगळी द्यावी लागते. रेल्स स्वतःहून कुणाला पुसू देत नाही, हे चांगलंच आहे.

इथपर्यंतचं सगळं तुम्हाला पुस्तकात मिळेल. आता जे सहसा लिहिलेलं नसतं ते सांगते.

२०२४ मध्ये महाराष्ट्रात लाडकी बहीण योजना आली. पात्र महिलांमध्ये विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता, निराधार असे प्रकार वेगवेगळे लिहिले होते, आणि कुटुंबातली एक अविवाहित महिला. यादी चांगली होती. 'परित्यक्ता' हा शब्द सरकारी कागदावर येतो ही आपल्या राज्यातल्या स्त्री चळवळीची कमाई आहे. मग सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीचं झालं. त्या फॉर्ममध्ये महिलेचा आधार क्रमांक आणि ओटीपी, त्यानंतर पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक आणि त्यांचा ओटीपी. जिचा नवरा वारला आणि वडीलही नाहीत, तिनं ओटीपी कुठल्या मोबाइलवरून आणायचा? हा प्रश्न इतक्या ठिकाणांहून आला, की नोव्हेंबरमध्ये मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली गेली आणि मार्ग काढला गेला: अशा महिलांनी स्वतःचं ई-केवायसी करावं आणि पतीच्या किंवा वडिलांच्या मृत्यूचा दाखला, घटस्फोटाचा दाखला किंवा कोर्टाचा आदेश अंगणवाडी सेविकेकडे द्यावा.

उत्पन्न तपासायचं तर कुटुंबाची माहिती लागणार, हे मला मान्य आहे. पण बांधणीकडे बघा. पात्रतेच्या यादीत पाच-सहा प्रकारच्या बायका आहेत, आणि फॉर्ममध्ये एकाच प्रकारची: जिच्यामागे फोन हातात घेतलेला पुरुष उभा आहे. तिला डबा मिळाला तो त्याच्या डब्याच्या आत.

आता त्याच यादीतल्या परित्यक्तेकडे बघा. मृत्यूचा दाखला नाही, कारण नवरा जिवंत आहे. कोर्टाचा आदेश नाही, कारण ती कोर्टाची पायरी चढलेलीच नाही. नवरा तीनदा 'तलाक' म्हणून निघून गेला. २२ ऑगस्ट २०१७ च्या शायरा बानो निकालानंतर अशा तलाकला अर्थ उरलेला नाही आणि २०१९ च्या कायद्यानं तो गुन्हा आहे. म्हणजे कायद्यानं ती विवाहित. मोहल्ल्याच्या लेखी तलाकशुदा. घरात नवरा नाही, आणि फॉर्मचं पुढचं पान नवऱ्याशिवाय उघडत नाही.

हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ ला मुंबईत सात मुस्लिम महिलांचा मोर्चा काढला तेव्हा मागणी कायद्याची होती. तोंडी तीन तलाक जायला त्यानंतर पन्नासच्या वर वर्षं लागली. फॉर्म मात्र आपण बांधतो. तो आज दुपारी बदलता येतो.

कसा बदलायचा? बहुतेक नवशिके कुटुंबाची टेबलं अशी काढतात: कुटुंबाला एक प्रमुख, प्रमुखाखाली पत्नी, तिच्याखाली मुलं. दिसायला नीटनेटकं. मग कुणीतरी मॉडेलमध्ये 'डिपेंडंट डिस्ट्रॉय' लिहितं, म्हणजे वरचं रेकॉर्ड गेलं की त्याच्याखालची सगळी जातात. प्रमुख वारला, कुणी कर्तव्य म्हणून त्याची नोंद काढली, आणि बायको-मुलं त्याच्यासोबत दफन झाली. डेटाबेसनं तुमच्या सांगण्याप्रमाणेच केलं.

जनगणनेची पद्धत याहून शहाणी आहे. तिथे सगळी माणसं कुटुंबाखाली एका पातळीवर असतात, आणि 'प्रमुखाशी नातं' हा फक्त एक रकाना असतो. प्रमुख बदलला तर रकाने बदला, माणसं जिथल्या तिथे. शिवाय प्रमुख पुरुषच असेल हे कुणी सांगितलं? २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याच्या १३ व्या कलमात स्पष्ट आहे: रेशनकार्डासाठी घरातली अठरा वर्षांवरची सगळ्यात मोठी स्त्री ही कुटुंबप्रमुख. तरी नात्यांची यादी लिहिताना आपली बोटं 'पत्नी, मुलगा, मुलगी, सून' एवढंच लिहून थांबतात. प्रमुख जर दादीअम्मा असेल तर दादाजान त्या यादीत कुठे बसणार? 'इतर' मध्ये?

याहून महत्त्वाचं. लग्न हा माणसाचा रकाना नाही. लग्न ही दोन माणसांमधली गोष्ट आहे, तिला स्वतःचं टेबल द्या. निकाहनामा हातात घेतलात तर तो तुम्हाला टेबलच आखून देतो: दोन्ही बाजूंची नावं, तारीख, साक्षीदार, काझी, मेहर किती आणि तो ताबडतोब द्यायचा की नंतर. मेहरपुढे 'दिला' किंवा 'नाही दिला' असा चौकोन पुरत नाही. थोडा आत्ता, थोडा नंतर असाही दिला जातो, म्हणजे लग्नाखाली मेहरच्या हप्त्यांच्या ओळी आल्या: तारीख, रक्कम, पुरावा. १९८६ च्या कायद्याप्रमाणे तलाकनंतर राहिलेला मेहर आणि लग्नात तिला मिळालेल्या वस्तू तिला मिळायला हव्यात, म्हणून वस्तूंची यादी ही आणखी एक पोटओळ. नेस्टेड फॉर्मची तिसरी पातळी खरोखर कशासाठी लागते, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही. ही यादी लग्नाच्या आठवड्यात भरून ठेवली असेल तर दहा वर्षांनी ती कुणाच्या कामाला येईल ते सांगायला नको.

लग्नाची स्थिती दोन रकान्यांत विचारा. एक, कायद्यानं काय: चालू, तलाक, खुला, १९३९ च्या कायद्याखाली कोर्टानं रद्द केलेलं, जोडीदाराचा मृत्यू. दोन, प्रत्यक्षात काय: एकत्र राहतात का, खर्च कोण चालवतं, कधीपासून. हे दोन एकाच यादीत कोंबले की परित्यक्ता गायब होते. तिचं खरं उत्तर एका रकान्यात 'चालू' आणि दुसऱ्यात 'नाही' असंच असतं. २०११ च्या जनगणनेतसुद्धा 'विभक्त' आणि 'घटस्फोटित' यांना वेगवेगळे आकडे दिले होते. एवढं तर आपल्यालाही जमावं.

आता तुमच्यातला एखादा हुशार विचारेल, हे लग्नाचं टेबल कुटुंबाच्या फॉर्ममध्ये कुठल्या डब्यात ठेवायचं? कुठल्याच नाही, आणि मुद्दा तोच आहे. डब्यात डबा ही रचना झाडासारखी असते: प्रत्येक फांदीला एकच बुंधा. कुटुंब तसं नसतं. माहेरी परत आलेली मुलगी एका चुलीवर जेवते आणि तिचं लग्न दुसऱ्या घरातल्या माणसाशी बांधलेलं असतं. तिची मुलं आईकडे राहतात, पण वारसा वडिलांकडूनही येतो. भाऊ ओमानला आहे, पैसे पाठवतो, चुलीवर जेवत नाही. हे झाड नाही, जाळं आहे. तेव्हा पानावर फॉर्म झाडासारखा दिसू द्या, माणसाला भरायला तेच सोपं जातं. खालची टेबलं मात्र जाळ्याची ठेवा. मधल्या रूपांतरासाठी एक वेगळा क्लास लिहा, त्याला फॉर्म ऑब्जेक्ट म्हणतात. चार पातळ्या खोल मॉडेलची माळ ओवून 'अ‍ॅक्सेप्ट्स नेस्टेड' लिहीत सुटू नका. माझा स्वतःचा नियम दोन पातळ्यांचा आहे. तिसरी लागली की मी तिला वेगळं पान देते. वर सांगितलेला मेहर आणि वस्तूंचा तपशील असाच लग्नाच्या वेगळ्या पानावर राहतो.

नावांचं सांगायचं राहिलं. फॉर्ममध्ये तीन रकाने असतात: नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, आडनाव. आपल्याकडे 'शेख' कुणाच्या पुढे लागतो, कुणाच्या मागे. 'बी', 'बेगम', 'बानो' कधी नावाचा भाग असतात, कधी फक्त आदराचे. मराठीतलं नाव शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर इंग्रजीतून परत आलेलं दुसरं, निकाहनाम्यावर उर्दूत तिसरं. सलमाबी शेख रहीम, शेख सलमा रहीम आणि सलमा इम्रान शेख, या तीन बायका नाहीत. शिवाय १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात, राज्याच्या निर्णयानुसार, मुलाच्या नावानंतर आईचं नाव येतं. निर्णय उत्तम. तीन रकाने आखणाऱ्यांनी आता काय करायचं ते बघा. माझा उपाय: माणसाचं एक बोलायचं नाव ठेवा, आणि त्याखाली 'कागदावरची नावं' अशा पोटओळी. कुठला कागद, कुठली लिपी, अक्षर न अक्षर जसं छापलंय तसं. दुरुस्त करायचा मोह आवरा. हाच नेस्टेड फॉर्म मग कुठल्या कागदावर काय सुधारून घ्यायला हवं याची यादी आपोआप देतो.

हे क्षुल्लक वाटत असेल तर आसामकडे बघा. तिथल्या एनआरसीसाठी अर्जदाराला २४ मार्च १९७१ पूर्वीच्या कागदातल्या पूर्वजाशी आपलं नातं जोडून दाखवायचं होतं, आणि प्रत्येकानं दिलेला वंशवृक्ष त्याच पूर्वजाचं नाव लावणाऱ्या इतरांच्या वंशवृक्षाशी ताडून पाहिला गेला. एका चुलत भावानं एखादं नाव लिहिलं नाही तर दुसऱ्याला सुनावणी. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या बायकांचं माहेरशी नातं सांगणारा कागद म्हणजे बहुतेक वेळा ग्रामपंचायतीचा दाखला, आणि तो चालेल की नाही हा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. ३१ ऑगस्ट २०१९ ची अंतिम यादी आली तेव्हा सुमारे ३ कोटी ३० लाख अर्जदारांपैकी १९,०६,६५७ जण बाहेर होते. हिंदू होते, मुस्लिम होते, आदिवासी होते. तो कायद्याचा आणि राजकारणाचा प्रश्न आहेच. पण कुटुंब म्हणजे झाड असं धरून बांधलेला फॉर्म प्रत्यक्षात माणसांवर कसा पडतो, हेही त्यात दिसतं.

आणखी एक तांत्रिक गोष्ट. रेल्स नेस्टेड फॉर्म एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये सेव्ह करतं. सगळं बरोबर तर सगळं जातं, एक ओळ चुकली तर काहीच जात नाही. बँकेत हे हवंच. एका खात्यातून पैसे निघाले आणि दुसऱ्यात पोहोचलेच नाहीत असं चालत नाही. पण सात जणांच्या घरात धाकट्याचा जन्मदाखला अजून महापालिकेत अडकलाय, म्हणून बाकी सहा जणांची तासभर बसून भरलेली माहिती फेकून द्यायची? एका दिवसाचा रोज बुडवून आलेल्या माणसाला 'पुन्हा या' सांगायचं? 'अपूर्ण' आणि 'चूक' यात फरक करा. मसुदा म्हणून सेव्ह करताना फक्त नाव तपासा, बाकीचे नियम 'दाखल करा' दाबल्यावर लावा. कुठला नियम कुठल्या प्रसंगी लागेल हे रेल्समध्ये सांगता येतं. व्हॅलिडेशनचं कॉन्टेक्स्ट म्हणून शोधा. आणि चुकीचा इशारा वरती ढिगानं न दाखवता ज्या ओळीत चूक आहे तिथेच दाखवा, 'तिसरा सदस्य: जन्मतारीख नाही' असा, मराठीत.

शेवटचं, आणि इथे मी जरा कडक बोलणार आहे. मदतकेंद्रासाठी तुम्ही असा फॉर्म बांधलात, तो वापरला गेला, तर वर्षभरात तुमच्या लॅपटॉपवर शेकडो घरांची माहिती असेल. नावं, फोन, कोण कुणाला सोडून गेलं, कुणाच्या कागदात काय कमी आहे. ही यादी कुणाच्या हातात पडली तर काय होईल याचा विचार फॉर्म बांधायच्या आधी करायचा. आधार क्रमांक साठवू नका. 'पाहिला' अशी खूण आणि तारीख पुरते. धर्म, जमात, जात हे रकाने त्या कामाला लागत असतील तरच विचारा. आपण आपल्याच मोहल्ल्यात काम करतोय, विचारायला हरकत काय, असं मला पुष्कळ जण म्हणतात. मोहल्ल्यातच जास्त हरकत आहे. तलाकची तारीख शेजारच्या पोरानं भरली तर ती संध्याकाळपर्यंत चहाच्या टपरीवर असते. म्हणून लग्नाचं पान कार्यकर्ता उघडू शकणार नाही, ती बाई स्वतः किंवा तिनं नेमलेली एकच कार्यकर्ती उघडेल, अशी सोय करा. रेल्स एवढं बघतं की आलेला सदस्याचा आयडी त्याच कुटुंबातला आहे का. नसेल तर नकार देतं. ते कुटुंब उघडायचा अधिकार कुणाला, हे तुम्हीच बघायचं. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये आलाय, तोही वाचा. लांब नाही तो.

आता काम. चार-चार जणांचे गट करा, प्रत्येक गटात कॉम्प्युटर न शिकलेले निदान दोघं हवेत. लॅपटॉप बंद. कागदावर हे घर बसवून दाखवा: वरच्या खोलीत धाकटा मुलगा, त्याची बायको आणि त्यांची चूल. खाली दादी, वय ७१, तिची विधवा सून, माहेरी परतलेली मुलगी आणि तिची दोन मुलं. मुलीचा नवरा जिवंत आहे, भिवंडीत असतो, वर्षभर फोन उचलत नाही. मोठा नातू मस्कतला. दादीच्या रेशनकार्डावर अजून दादाजानचं नाव आहे. टेबलं कोणती, एकेका टेबलात काय, आणि 'काढून टाका' हे बटण नेमकं कुठे असेल आणि कुठे अजिबात नसेल. अर्धा तास. मी फिरत राहते, अडलं तर हाक मारा.